हुकुमाविना आलेला आवाज

(सातारा जिल्ह्यातील माजी सैनिकांच्या मेळाव्यात एका निवृत्त हवालदारांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कारगिलवर बोला म्हणालात. 4 जुलै 1999, टायगर हिल, हे सगळ्यांना पाठ आहे. मी तिथं चढलो नव्हतो. चढले ते पायदळवाले. आम्ही तोफखान्याचे, खाली द्रासच्या अंगाला बोफोर्सवर. एक गोळा सुमारे 43 किलोचा, आणि हवा अशी विरळ की नुसतं चाललं तरी धाप लागायची. त्या लढाईत आपल्या तोफखान्यानं गोळे, बॉम्ब, रॉकेटं मिळून अडीच लाखांच्या आसपास डागली. त्यातली माझ्या हातून किती गेली, मोजली नाहीत. उजव्या कानात तेव्हापासून शिट्टी वाजतेय, म्हणून प्रश्न जरा मोठ्यानं विचारा.

आपली तोफ सुटते तेव्हा आधी 'नंबर वन'चा, म्हणजे तोफेवरच्या प्रमुखाचा, हुकूम येतो. अंग तयार असतं. समोरून येणारा गोळा हुकूम देऊन येत नाही. माझ्या दुखण्याची मेख इथंच होती, पण ते कळायला सतरा वर्षं गेली.

2015ला पेन्शनीवर आलो. आपल्याकडं कुठलाही फौजी गावात 'मेजर'च होतो, तसा मीही झालो. घरात मात्र माझी भरती नव्यानं व्हायची होती. चोवीस वर्षं मी वर्षाकाठी दोन महिन्यांचा पाहुणा. पोरीची शाळा, सासूचं आजारपण, विहिरीचा वाद, सगळं हिनं एकटीनं निभावलेलं. मी आलो आणि पहाटे पाचला सगळ्यांना उठवायला लागलो. चौथ्या दिवशी ही म्हणाली, "अहो, ही बराक नाही." मला राग आला. आता वाटतं, तिनं फार लवकर सांगितलं, मी फार उशिरा ऐकलं.

एका कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली, बारा तासांची पाळी. एक दिवस ट्रकचा टायर फुटला. भानावर आलो तेव्हा मी टेबलाखाली होतो आणि पोरं हसत होती. त्या रात्री प्यायलो. पुढं बऱ्याच रात्री प्यायलो. दिवाळीत शेतावर जाऊन झोपायचो, वर सांगायचो, रानडुकरं येतात म्हणून.

शेवटी हिनंच ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात नेलं, कानासाठी म्हणून. कानाच्या डॉक्टरांनी पुढं मनाच्या डॉक्टरांकडं धाडलं. ते म्हणाले, याला पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' म्हणायचे. 1915 साली चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरनं तो शब्द छापला. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनाला जडणारा आजार, हे नाव अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत 1980ला आलं, व्हिएतनामनंतर. मला हसू आलं. शेल मारणं हाच आमचा धंदा, आणि आजाराला नावही त्याचंच!

गोळ्या घेतल्या, बोललो, दारू सुटली. एकदा सुटून परत लागली, मग सुटली. झोप अजून पूर्ण नाही. बायकोला काय काय सांगितलं ते इथं सांगणार नाही.

पण एक सांगतो. मागच्या दिवाळीत मी शेतावर गेलो नाही. पोरीनं अंगणात सुतळी बॉम्ब ठेवला, वातीला उदबत्ती लावण्याआधी माझ्याकडं वळली आणि ओरडली, "पप्पा, फायर!"

मी कान दाबले, तोंड उघडं ठेवलं. जागचा हललो नाही.