झिजलेल्या नमुन्यावरून

(दृश्य: एमआयडीसीतली एक शेड. बाहेरून यंत्रमागांचा खडखडाट, आत लेथ सुरू.)

सोलापुरात मागाचा पार्ट तुटला, तर नवा येईपर्यंत माग बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही. चादर अर्ध्यावर अडकते, मजुरी बुडते. म्हणून तुटका तुकडा हातात घेऊन, ड्रॉइंगशिवाय, तसाच दुसरा करून द्यायची इथल्या टर्नरला सवय आहे. सध्या या शेडमध्ये मागाच्या सामानाशेजारी दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या जीपचं सामानही पडलंय.

जीप आहे विलीज एमबी, दुसऱ्या महायुद्धातली. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा सुमारे ६ लाख ४० हजार जीपा बनवल्या. इंजिन ४ सिलिंडर, २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर. वायरिंग ६ व्होल्टची. महिंद्रांनी १९४७ पासून आपल्याकडे जीप जोडायला घेतली, त्यामुळे जुन्या बाजारात जीपचा माल दिसतो भरपूर. पण तो बहुतेक पुढच्या मॉडेलांचा. काही बसतो, काही बसल्यासारखा वाटतो. हा दुसरा प्रकार जास्त त्रासाचा.

(दृश्य: टेबलावर स्प्रिंगची शॅकल, जवळून.)

ही स्प्रिंगची शॅकल, म्हणजे स्प्रिंगचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी कडी. इंग्रजी यू अक्षरासारखी, दोन्ही टोकांना आटे. त्या आट्यांवर बुश, म्हणजे आतून आटे असलेली नळी, बसतो आणि स्प्रिंग हलली की शॅकल आट्यांमध्येच फिरते. म्हणजे भार आट्यांवर, झीजही तिथेच. काही शॅकलना आटे उलटे असतात. ते न बघता पाना लावणारा बुशाची वाट लावतो.

व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला की माप मिळतं, पण ते झिजेचं. तेच उतरवलं तर नवा पार्ट जन्मतःच म्हातारा. जीपचे मालक घाई करतात, शेडमधले मिस्त्री ऐकत नाहीत. ‘थांबा की ओ मालक, हिथं मोजून काय उपयोग? न झिजलेली जागा बघू दे.’ ती जागा सापडते बुश पोचत नाही तिथे, आट्यांच्या अगदी टोकाला. आणि गाडी आहे इंचातली, हे मिस्त्री विसरत नाहीत. एखादी पिन २२.१ मिलिमीटर भरली, तर ती मुळात सात सूत, म्हणजे सात अष्टमांश इंच असणार, २२.२२५ मिलिमीटर. मधला फरक इतक्या वर्षांच्या रस्त्यांनी खाल्लेला.

लेथ जुना आहे, त्याचा लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना हत्यार सरकवणारा लांब स्क्रू, इंचाचा. इथे ते फायद्याचंच ठरलं. मिलिमीटरच्या लेथवर इंचाचे आटे नेमके पाडायचे, तर १२७ दात्यांचं चाक शोधत बसावं लागतं, कारण २५.४ गुणिले ५ म्हणजे १२७.

लोखंड कुठलं घ्यायचं, यावर मात्र जुनी भांडणं आहेत. बरेच जण भंगारातला ट्रकचा अॅक्सल कापतात. माल चांगला असतो, पण तो आधी किती पिळवटलाय हे वरून दिसत नाही. ईएन-८ या माहितीतल्या पोलादाचा बार घ्यावा, थोडे पैसे जास्त गेले तरी. शिवाय पिन आणि बुश दोन्ही सारखेच कडक करण्यात शहाणपण नाही. जो स्वस्त आणि बदलायला सोपा, झीज त्याच्या वाट्याला यावी.

(दृश्य: गॅस्केट कापताना हात.)

साधी गॅस्केटं, म्हणजे दोन भागांच्या जोडातून गळू नये म्हणून मध्ये घालायचे कागद, इथेच होतात. कागद त्या ओतीव भागावर ठेवायचा, बॉल पीन हातोडीने कडेकडेने हलकं ठोकायचं, भागाची धार स्वतःच कागद कापते. हेड गॅस्केट मात्र विकतचंच.

थर्मोस्टॅटचं हाउसिंग गंजून भोक पडलेलं, म्हणून नवं ओतण्यासाठी साच्याचा सागवानी नमुना, म्हणजे पॅटर्न, केला. बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, तेवढा पॅटर्न मोठा. मशीनिंगसाठी वर थोडा माल आणखी. गाड्यांचे कॅमशाफ्ट ओतणाऱ्या या गावात ओतकामाचा माणूस शोधावा लागला नाही. एवढ्याशा एका नगासाठी त्याला राजी करणं, हे खरं काम होतं.

ब्रेकचं रबर आणि स्टिअरिंगचे जोड या शेडमध्ये होत नाहीत. मालकांनी विचारलं होतं. मिस्त्रींनी नाही म्हटलं, आणि बरोबरच केलं.

फोर्डच्या जीपमध्ये बोल्टांवरसुद्धा एफ अक्षर असायचं. तसा शिक्का मारून द्या, अशी गिऱ्हाइकं येतात म्हणे. नव्या बोल्टावर जुना शिक्का मारणं म्हणजे सरळ फसवणूक. इथे नव्या पार्टावर चालू साल ठोकतात, दिसणार नाही अशा बाजूला.

(दृश्य: जीपची बॉडी उलटी ठेवलेली.)

आता बॉडी उरलीय. तळाला पत्र्याच्या पोकळ पट्ट्या आहेत आणि त्यांत कारखान्यातूनच लाकूड भरलेलं होतं. लाकडाने पाणी धरलं, पत्रा आतून सडला. मालकांना मूळ होतं तसं लाकूडच हवंय. मिस्त्री म्हणतात, लाकूड घाला, पण पाणी निघायला खाली भोकं पाडू द्या. मूळ जीपला भोकं नव्हती, हे मालकांचं उत्तर. पट्ट्या वाकवून तयार आहेत, वेल्डिंग थांबलंय.