नळी, मुक्काम लंडन

(पहाट. स्मिथफील्ड बाजार. लोखंडी कमानींखाली पांढऱ्या झग्यातली माणसं.)

पहाटेचे पाच. लंडनच्या ऐन मध्यात मटणबाजार उठत आलाय. इथला धंदा रात्रीचा. १८५५पर्यंत जिवंत जनावरं हाकत इथवर आणायचे. आत्ताची इमारत १८६८ची. आता कॉर्पोरेशनने इथला बाजार बंद करायचं ठरवलंय.

इथून चालत दोन मिनिटांवर २६, सेंट जॉन स्ट्रीट. पूर्वी इथे डुकराचं मांस धुरावर धरायचे. १९९४ साली फर्गस हेंडरसन आणि ट्रेव्हर गलिव्हर यांनी इथे ‘सेंट जॉन’ नावाचं रेस्टॉरंट काढलं. हेंडरसन शिकलेले आर्किटेक्चर. म्हणणं एवढंच, की जनावर मारलंच आहे तर नाकापासून शेपटीपर्यंत खा. तेवढी तरी रीत पाळा.

(दुपार. आतला हॉल.)

भिंती पांढऱ्याफटक. चित्र नाही, गाणं नाही. आपल्या खानावळीत निदान गणपतीचा फोटो तरी असतो! कोट खुंटीला, टेबलावर पांढरा कागद. मेन्यू सारखा बदलतो, पण एक पदार्थ कायम.

(जवळून: ताट.)

भाजलेल्या चार नळ्या. शेजारी कोथिंबिरीसारखी पार्सली, बारीक चिरलेला कांदा, केपर म्हणजे खारवलेल्या आंबटसर कळ्या, आणि लिंबू. भाजलेला पाव. ओलसर, करड्या जाड्या मिठाची छोटीशी ढिगळी. आणि एक लांब कोरणी.

कोरणी आत घालून फिरवायची. मगज थरथरत बाहेर येतो. पावावर फासायचा, मीठ आपलं आपण भुरभुरायचं, वर पार्सली. आधी मिठाचा खडा कुरकुरतो, मग सगळं विरघळतं आणि तेवढ्यात लिंबू जिभेला चिमटा काढतं.

आमच्याकडे रविवारच्या रश्शात नळ्या दोन आणि भावंडं चार. ताटाच्या कडेवर ठक ठक ठक. इथे ठोकायचा धीर होईना. चौथ्या नळीला झाला. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

२००९ला या जागेला मिशलिन गाइडचा तारा, म्हणजे हॉटेलांच्या जगातला मोठा मान, मिळाला. मला मात्र वजडी आणि रक्ती आठवत राहिली. आपल्याकडे ती कुणी खायची आणि कुणी नाकाला पदर लावायचा, हे जातीने ठरवलं. ज्यांनी ती पिढ्यान् पिढ्या चवीने रांधली, त्यांच्या चुलीला कुणी तारा दिला नाही. इथे त्यासाठी लोक आधी टेबल राखून ठेवतात. मीही ठेवलंच होतं.

(संध्याकाळ. रस्ता. फोन.)

“काय खाल्लंस रे?”
“नळी.”
“अगंबाई! तिकडे बोकड चांगला मिळतो का?”

नळ्या वासराच्या होत्या. मी आईला शेवटी आलेल्या एकल्स केकबद्दल सांगायला लागलो. आत काळ्या मनुका, सोबत लँकशर चीज...