बीम आडवा येलालाय

(दृश्य : सोलापूर, सात रस्त्याजवळचं आर्किटेक्टचं ऑफिस, पहिला मजला, सकाळचे साडेदहा. पंख्याचा आवाज, खालून चहाच्या गाड्यावरचा गोंधळ.)

ऑफिस तसं छोटंय. सर, तीन आर्किटेक्ट, अकाउंट बघणाऱ्या काकू, आणि कोपऱ्यात दोन-दोन स्क्रीन लावून बसलेले दोघंजण, एक मुलगी आणि एक मुलगा, ज्यांचं काम नक्की काय हे काकूंना अजून कळलेलं नाही. "ती दोघं दिवसभर घर फिरवत बसतात" असं त्या म्हणतात. पहिल्या दिवशी आम्हालापण तेच वाटलं होतं, खोटं कशाला बोलायचं.

ह्या दोघांना ऑफिसात 'बिमवाले' म्हणतात. बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. आता बांधकामात बीम म्हणजे तुळई, त्यामुळं इथं रोज एकदातरी "बिममधला बीम की साइटवरचा बीम?" असा संवाद होतो आणि कुणालाच हसू येत नाही, इतकं ते जुनं झालंय.

साधं सांगायचं तर नेहमीच्या ड्रॉइंगमध्ये भिंत म्हणजे दोन रेषा. आपण भिंत आहोत हे त्या रेषांना माहीतच नसतं. मॉडेलमधली भिंत मात्र भिंतच असते, तिला जाडी असते, उंची असते, वीट आहे का ब्लॉक हे तिला माहीत असतं, आणि तिच्यातला दरवाजा काढून टाकला की भगदाड आपोआप बुजतं. सध्या काम चाललंय ते होटगी रोडला होणाऱ्या ५० बेडच्या हॉस्पिटलचं. मध्येच डॉक्टर म्हणाले की वॉर्डाचे दरवाजे ९०० एमएमचे नकोत, स्ट्रेचर जायला १२०० पाहिजेत. पूर्वी ह्या एका वाक्यावर दोन दिवस गेले असते, प्लॅन बदला, सेक्शन बदला, दरवाज्यांचा तक्ता बदला आणि एवढं करून एक कुठंतरी राहणारच. इथं त्या मुलानं एका ठिकाणी आकडा बदलला आणि चहा प्यायला खाली गेला.

त्याचं घर पूर्व भागात. वडिलांची सगळी हयात जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरी विणण्यात गेली. तो म्हणतो, घरी काम समजावताना मला काय त्रास झाला नाही. आधी ग्राफवर नक्षी, मग त्यावरनं पंचकार्ड, मग माग. कार्डात एक भोक चुकलं तर जेवढ्या चादरी निघतील तेवढ्यांत तीच चूक, त्याच जागी. "मॉडेलमध्ये दरवाजा-खिडकीच्या साच्याला फॅमिली म्हणतात. फॅमिली चुकली की सगळ्या बिल्डिंगभर चुकते. वडिलांना लगेच कळलं, म्हणले मग कार्ड तपासायला वेळ लाव, माग पळवायला कोणीपण पळवतो."

(दृश्य : स्क्रीनवर मॉडेल. कॉलम, फुटिंग म्हणजे कॉलमखालचा पायाचा पसरट ठोकळा, बाजूला निळा चौकोन.)

हा निळा चौकोन म्हणजे पाण्याचा हौद. सोलापुरात घर बांधा नाहीतर हॉस्पिटल, पहिला प्रश्न हौदाचा, कारण इथं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड. हिशोब बघा. एनबीसी, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणं १०० बेडपर्यंतच्या हॉस्पिटलला दर बेडमागं दिवसाला ३४० लिटर. ५० बेड म्हणजे १७ हजार लिटर, पाच दिवसांचं धरलं तर ८५ हजार, आणि आगीसाठीचं पाणी वेगळंच. अडीच मीटर पाणी उभं राहील असा हौद करायचा तर ४ बाय साडेआठ मीटर जागा पाहिजे. दुसऱ्या गावातनं आणलेल्या तयार टेम्प्लेटमध्ये हे कुठनं असणार?

आर्किटेक्टनी हौद दाखवला कॉलमच्या ओळीच्या बाहेर, साइड मार्जिनमध्ये. एकदम बरोबर. आरसीसी कन्सल्टंटनी, म्हणजे कॉलम-बीमचा हिशोब करणाऱ्या इंजिनिअरनी, कॉलमखाली २.१ मीटरचं चौकोनी फुटिंग दिलं, तेपण बरोबर. पण फुटिंग कॉलमच्या मध्यापासनं दोन्हीकडं मीटरभर बाहेर येतं, आणि हे कोणाच्याच डोक्यात राहिलं नव्हतं, कारण एकाच्या कागदावर फुटिंग नाही आणि दुसऱ्याच्या कागदावर हौद नाही. मुलीनं दोन्ही मॉडेल एकावर एक ठेवली तर हौदाची भिंत फुटिंगमध्ये दीड फूट घुसलेली. नुसता हौद सरकवून पण भागत नाही, फुटिंगला लागून तेवढं खोल खोदलं तर त्याच्याखालची माती सुटायची भीती. शेवटी हौद अरुंद आणि लांब झाला, ३.२ बाय १०.७, आणि हौदाकडच्या दोन फुटिंगची खोली वाढवली. मॉडेलमध्ये हे एका दुपारचं काम. जेसीबी लावल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं हे सरांना विचारलं, ते नुसतं पंख्याकडं बघत बसले.

सरांनी बिमवाले ठेवले त्याचं कारण वेगळंय. काही वर्षांपूर्वी एका साइटवर, नाव कशाला घ्यायचं, स्लॅब झाल्यावर सुपरवायझरचा फोन आला होता, "मालक, पाइप कुठनं न्यायचा, बीम आडवा येलालाय की." मग ब्रेकर, मग बीमला भोक, मग आरसीसीवाल्यांची रात्री अकराला शिवीगाळ. ऑफिसात बिमवाले आले ते त्या फोनमुळं. बाकी कोण काय सांगेल ते सांगू दे.

तसं हे काय कालचं खूळ नाही. ह्याची सॉफ्टवेअरं बघा, हंगेरीत तयार झालेलं आर्किकॅड १९८४ चं, रेव्हिट २००० साली बाजारात आलं आणि २००२ ला ऑटोडेस्कनं विकत घेतलं. आपल्याकडं नागपूर मेट्रोच्या कामात बिम वापरलंय. मोठ्या कामांना हे पाहिजे हे सगळ्यांनाच मान्यय. आमचं म्हणणं, छोट्या ऑफिसाला जास्त पाहिजे, कारण चूक पचवायला त्यांच्याकडं पैसे नसतात.

(दृश्य : बुधवार, व्हिडिओ कॉल. एसीचे कन्सल्टंट पुण्यातनं.)

आज क्लॅश मीटिंग. सगळ्यांची मॉडेल नॅव्हिसवर्क्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र टाकली की ते सांगतं कोण कुणाला धडकतंय. पहिल्यांदा लावलं तेव्हा हजाराच्या वर धडका निघाल्या आणि सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण त्यातल्या बऱ्याचशा फालतू असतात, पाइप भिंतीत शिरला की तीपण धडक मोजतं, अहो पाइप भिंतीतनंच जाणार की. त्या ढिगातनं खरी भांडणं निवडायची, एकाच बीमची दहा भांडणं एकात गोळा करायची, आणि कोणी काय बदलायचं ते नावासकट लिहून काढायचं, हे त्या मुलीचं काम. हे बटण दाबून होत नाही. बटण दाबणारे पुष्कळ आहेत, निवडणारे कमी.

आजचं भांडण चार इंचाचं. मजला ३.६ मीटरचा, बीम ६०० एमएमचा, म्हणजे बीमच्या बुडापासून जमीन ३ मीटर. फॉल्स सीलिंग पाहिजे २.७ वर. मधी उरले ३०० एमएम. एसीचा डक्ट, म्हणजे गार हवेची पत्र्याची नळी, ५०० बाय ३५०, वरखाली इन्सुलेशन धरून ४००. बसतच नाही.

पुण्यातनं आवाज येतो, "सीलिंग खाली घ्या."

सर म्हणतात, "बीम बारीक होईल का?" आरसीसी कन्सल्टंट उत्तरसुद्धा देत नाहीत.

मग मुलगी हळूच म्हणते, "सर, डक्ट ७०० बाय २५० केला तर? एरिया तेवढाच राहतोय." दोन्हींचा गुणाकार १ लाख ७५ हजार, करून बघा. डक्ट पसरट झाला की हवेला घर्षण जरा वाढतं, म्हणून पुणेकर थोडी कुरकुर करतात, पण मान्य करतात. इन्सुलेशनसकट ३०० झाला, आता आधाराच्या पट्ट्यांना जागा पाहिजे म्हणून फक्त पॅसेजमधलं सीलिंग दोन इंच खाली. वॉर्ड तसेच राहिले. पंधरा मिनिटं लागली.

सगळं गोडगोड आहे असं नाही हां. एखादा कन्सल्टंट नवीन व्हर्जनमधली फाइल पाठवतो, ती जुन्या रेव्हिटमध्ये उघडतच नाही, मग फोनाफोनी. कोणीतरी नेटवरनं नळाची फॅमिली उतरवतो, तिच्यात आटेसुद्धा काढलेले असतात, असे चाळीस नळ बसले की फाइल म्हशीसारखी चालायला लागते. मे महिन्यात ४३ डिग्रीत लाइट जाते, यूपीएस ओरडायला लागतो आणि दोघंही एकदम ओरडतात, "आधी सिंक कर, सिंक!" म्हणजे केलेलं काम मुख्य फाइलमध्ये टाक. किती बारीक काढायचं आणि कुठं थांबायचं, ह्याला त्यांच्या भाषेत एलओडी म्हणतात, १०० पासनं ५०० पर्यंत. ह्या ऑफिसनं ३०० वर थांबायचं ठरवलंय, फक्त जिथं पाइप स्लॅबमधनं जातो तिथं जास्त बारीक.

(दृश्य : साइट, सकाळी सात. सळईची जाळी, सेंट्रिंगवर उभी माणसं, खाली मिक्सर.)

आज पहिल्या मजल्याचा स्लॅब. कॉंक्रीट ओतायच्या आधी पाइपांच्या जागी स्लीव्ह ठेवायच्या असतात, म्हणजे पीव्हीसीचे छोटे तुकडे, नंतर भोक पाडावं लागू नये म्हणून. मॉडेलमधनं काढलेल्या यादीत ३६ आहेत. मुलगी हातात टॅबलेट घेऊन सळयांवरनं जपून पाय टाकत मोजतेय. कॉन्ट्रॅक्टर घाई करतात, "ताई, ऊन चढायच्या आत सुरू करू द्या की."

ती परत पहिल्यापासनं मोजते. पस्तीस.

"मामा, एक कमी आहे."

"असेल हो, इकडं-तिकडं झाली असेल."

"लॅबच्या सिंकखालची नाहीये. बी लाइनवरची, तीन नंबरच्या कॉलमजवळची."

खालनं एक पोरगा पीव्हीसीचा तुकडा वर फेकतो. सेंट्रिंगवाले दादा तो जाळीत बसवतात, तारेनं बांधतात, तोंडाला सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबतात. ती टेप लावून बघते, मान हलवते, टॅबलेटवर टिक करते.

खाली मिक्सर सुरू होतो.