माशाबरोबर लाल वाइन

(नाशिक भागातल्या द्राक्षबागायतदारांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘दक्षिण फ्रान्सची वाइन आणि जेवण’. यातलं ‘जेवण’ वाचून जे आले असतील त्यांना आधीच सांगतो, आज फक्त चहा-बिस्किटं आहेत. आणि घरी काय सांगून आलात, ते मी विचारणार नाही.

बोलायचंय ते वाइन करणाऱ्या एकाच घराबद्दल. दोमेन ताँपिए. मार्सेय आणि तुलाँ यांच्या मधे, भूमध्य समुद्राकाठी बांदोल नावाचं छोटं बंदर आहे. त्याच्या मागे डोंगर, डोंगराला दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या आणि पायऱ्यांवर वेली. आपल्यासारखा मांडव नाही, तारा नाहीत. झुडपासारखी बुटकी वेल आपल्या खोडावर उभी. १९३६ साली या घरातल्या लुसीचं, म्हणजे सगळ्यांच्या लुलूचं, लुसियाँ पेरोशी लग्न झालं. सासऱ्यांनी जावयाला काय दिलं? एक जुनी बाटली. (हसू नका, आपल्याकडे बुलेट मागतात.) पण ही बाटली फिलॉक्सेरा ही कीड यायच्या आधीच्या वेलींची होती. जावई ती प्यायला आणि मूर्वेद्र या द्राक्षाच्या मागे लागला तो जन्मभर.

फिलॉक्सेरा तुम्हाला सांगायला नको. मुळं खाणारी बारीक कीड. १८६०च्या दशकात अमेरिकेतून आली आणि फ्रान्सच्या बागा बसल्या. उपाय अमेरिकन खुंटच निघाला, म्हणजे मूळ अमेरिकन वेलीचं आणि वर कलम आपल्या जातीचं. तुम्ही डॉगरिज खुंटावर थॉमसन द्राक्षाची कलमं भरता ती क्षारासाठी, पाण्याच्या ताणासाठी. त्यांनी भरली ती जीव वाचवायला. पण मूर्वेद्रची कलम नीट धरेना. शिवाय माल कमी, पिकायला उशीर. ‘पाय पाण्यात आणि डोकं उन्हात’ असेल तरच पिकते, असं तिथले लोक म्हणतात. बागायतदाराने काय केलं असेल? तुम्ही केलं असतंत तेच. काढली आणि जास्त माल देणारी जात लावली. पेरोने ती परत आणली, शेजाऱ्यांच्या मागे लागून आणली, आणि १९४१ साली बांदोलला स्वतःचं अधिकृत नामांकन मिळालं, म्हणजे त्या भागातल्या, नियमाने केलेल्या वाइनलाच ते नाव लावता येतं. आज बांदोलच्या लाल वाइनमध्ये निम्मी तरी मूर्वेद्र लागते आणि निदान अठरा महिने ती लाकडात ठेवावी लागते. ताँपिएकडे ती ओकच्या मोठमोठ्या जुन्या पिंपांत असते, म्हणजे लाकडाचा वास वाइनवर चढून बसत नाही.

आता मूळ मुद्दा, पण त्याआधी एक तक्रार. पोटात राहिली तर मला पचणार नाही.

पुण्यात एका मोठ्या हॉटेलात गेलो होतो, मे महिन्यात. नाव सांगत नाही. दक्षिण फ्रान्सचीच लाल बाटली मागवली. किंमत वाचून बायकोने मेनूकार्ड मिटून ठेवलं. बाटली आली ती कुठून? कॉफीच्या मशीनवरच्या फळीवरून. मी डोळ्यांनी पाहिलं. हात लावला तर बाटली चक्क कोमट. म्हटलं, बाबा, बर्फाची बादली आण. तो म्हणाला, “सर, रेड आहे.” म्हटलं, दिसतंय मला. मग त्याचा कॅप्टन आला, कोट, टाय वगैरे. तो मला समजावतो, अगदी प्रेमाने, की रेड वाइन रूम टेंपरेचरलाच घ्यायची असते सर. मी विचारलं, कुठल्या रूमच्या? हा नियम झाला तेव्हा फ्रान्समधल्या दगडी घरांत हिवाळ्यात सोळा-सतरा अंश असायचे! पुण्याच्या मे महिन्याशी त्याचा काय संबंध? कॅप्टन गेला आणि पाच मिनिटांनी काय घेऊन यावा? वाटीत तीन बर्फाचे खडे आणि चिमटा. “ग्लासमध्ये टाकू का सर?” तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे काका म्हणतात, “टाका हो, सोडापण मिळेल.” म्हणजे वाइनमध्ये बर्फ टाकलेला चालतो, पण बाटली बर्फात ठेवायची म्हटली की शास्त्राला बाध येतो! आणि इथे समोर बसलेल्यांपैकी कितीजणांची लाल बाटली शोकेसमध्ये आहे, टीव्हीच्या वर? हात वर करू नका. मला कळलं.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, भरभर घेतो.

लुलू पेरो ही नामांकित सुगरण होती. वयाच्या १०२व्या वर्षी, २०२० साली गेली. तिच्याकडे बुयाबेस म्हणजे मार्सेयकडचं माशांचं कालवण, तेही अंगणात लाकडाच्या जाळावर. आत रास्कास हा काटेरी, खडकांतला मासा, टोमॅटो, लसूण, बडीशेपेच्या जातीची फेनेल, केशर. वर पावाच्या कापावर रुई, म्हणजे लसूण, मिरची, केशर आणि ऑलिव्ह तेल खलून केलेली लालसर चटणी. आणि त्याबरोबर ती काय वाढायची? ताँपिएची कोवळी लाल वाइन, थंडगार करून. माशाबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल, हे पाठ करून बसलेल्यांनी इथे कान टोचून घ्यावेत. त्या पातेल्यात बोलतो तो मासा नव्हे, लसूण, केशर आणि तेल बोलतात. वाइन जुळवायची ती त्यांच्याशी. थंड केलं की अल्कोहोलचा भपकारा खाली बसतो आणि फळाची चव वर येते. मात्र तुरटपणा थंडीने वाढतो, म्हणून बाटली कोवळी आणि मऊ हवी. चौदा-पंधरा अंश पुरे.

बाकीचं पटापट. रोझे, म्हणजे गुलाबी वाइन : आयोली, म्हणजे लसणीचं मेयोनीज, त्याबरोबर उकडलेल्या भाज्या आणि खारवलेला कॉड मासा, किंवा तापनाद, म्हणजे काळ्या ऑलिव्हची चटणी. पांढरी, मुख्यतः क्लेरेत द्राक्षाची : नुसत्या मिठावर भाजलेला मासा. जुनी लाल, ला तुरतीन किंवा ला मिगुआ या त्यांच्या वेगळ्या डोंगरांवरच्या बागांची, आठ-दहा वर्षं ठेवलेली : चुलीपुढे दोरीला टांगून भाजलेली मेंढीची तंगडी. चरबीने तुरटपणा मऊ होतो.

‘मग बांगड्याबरोबर चालेल का’ असं मागून कोणीतरी विचारतंय. जपानी संशोधकांनी २००९ साली सुकवलेले शिंपले वेगवेगळ्या वाइनमध्ये भिजवून पाहिले. ज्या वाइनमध्ये लोह जास्त, तिच्यात हिंवस वास जास्त. दोष रंगाचा नाही, लोहाचा. आणि ते प्रत्येक बाटलीत वेगळं. तेव्हा तेलकट बांगडा आणि कडक लाल, नको. सुरमईचं कालवण, लसूण-कोकम घातलेलं, आणि थंड कोवळी लाल, बिनधास्त. आपला काळा मसाला घातलेलं झणझणीत मटण असेल तर चौदा टक्क्यांची बाटली उघडू नका, अल्कोहोलने तिखट आणखी चढतं; तिथे गार रोझे. पुरणपोळीबरोबर काय, हे मला दर वेळी विचारतात. दूध.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न चहाच्या टेबलाशी विचारा. आणि ज्यांच्या शोकेसमध्ये बाटली आहे त्यांनी आधी घरी फोन करून ती खाली उतरवायला सांगा.