नवख्या हाताला मोटर द्यायची का?

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात आम्ही एक छोटं वर्कशॉप चालवतो. तिथे जळालेल्या मोटरी भरून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून मिळतात, घराचं वायरिंग करून मिळतं, गेट-ग्रिलचं वेल्डिंग होतं, आणि हे सगळं काम करतात ती आमच्याकडे शिकायला आलेली अठरा ते पंचवीस वर्षांची पोरं-पोरी. लोक विचारतात, ही शाळा आहे का दुकान? तर दोन्ही आहे, आणि या दोन्हींची रोज जी ओढाताण होते ना, तिच्याबद्दलच आज बोलायचंय.

एक सकाळ सांगते. जानेवारी महिना, कांद्याला पाणी द्यायचे दिवस. सात वाजताच एक शेतकरी पिकअपमध्ये तीन एचपीची मोटर घालून दारात हजर. रात्रीची लाईट होती, मधेच तीनपैकी एक फेज गेला, मोटर फिरायची थांबली आणि नुसती घुं घुं करत राहिली, आणि आमच्याकडे बिबट्याच्या भीतीने रात्री विहिरीवर पुन्हा कोण जाणार, त्यामुळे सकाळपर्यंत वायंडिंग, म्हणजे आतली तांब्याची तार, जळून कोळसा. ते म्हणाले, "ताई, संध्याकाळपर्यंत द्या, कांदा सुकतोय."

आता वर्कशॉपमध्ये दोघं मोकळे. एक मुलगा, आठ महिने झालेला, हात बसलेला, तो संध्याकाळपर्यंत मोटर देणार म्हणजे देणार. आणि एक मुलगी, दुसरा महिना, तिला तीन दिवस लागणार आणि कदाचित बिघडवणारसुद्धा. मोटर कुणाला द्यायची?

मुलाला दिली की शेतकरी खूश, पैसे हातात, भाडं सुटतं. पण असं रोज होतं बघा, रोज कुणीतरी घाईतच असतं, आणि मग ती मुलगी सहा महिने स्क्रू गोळा करते, झाडून घेते, चहा आणते आणि शेवटी सर्टिफिकेट घेऊन घरी जाते, एकही मोटर स्वतः न भरता. पहिल्या दोन बॅचना आमच्याकडे हेच झालं. हिशोबाची वही छान दिसत होती, आणि पोरं बाहेर पडून दुकानात उभी राहिली की मालक पहिल्याच दिवशी ओळखायचा की याचा हात चाललेला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग आम्ही एक गोष्ट केली. देणगीचे थोडे पैसे आले होते, सगळे म्हणाले प्रोजेक्टर घ्या, क्लासरूम चांगली दिसेल. आम्ही त्या पैशांच्या तीन जुन्या मोनोब्लॉक, म्हणजे पंप जोडलेल्या, मोटरी घेतल्या, दुरुस्त करून ठेवल्या. आता शेतकरी आला की त्याला सांगतो, तात्या, तुमची मोटर शिकणारी पोरगी भरणार आहे, तीन दिवस लागतील, तोवर ही आमची मोटर घेऊन जा, तुमचं पाणी थांबणार नाही. बहुतेक जण हो म्हणतात. काही नाही म्हणतात, त्यांची मोटर तो आठ महिन्यांवाला मुलगा भरतो. पण आपला नियम असा की तिसरा महिना लागायच्या आत प्रत्येकाच्या हाताखालून गिऱ्हाइकाची एक मोटर गेलीच पाहिजे, आणि शेजारी जो जुना मुलगा बसतो त्याने हात मागे बांधायचे. सांगायचं तोंडाने, हात लावायचा नाही.

ती मुलगी कशी भरत होती ते डोळ्यापुढे आहे माझ्या. आधी जुनी जळकी तार काढायची, पण काढताना एका कॉइलमध्ये तारेचे किती टर्न, म्हणजे वेढे, होते ते मोजायचं, तारेचा गेज, म्हणजे जाडी, मायक्रोमीटरने बघायचा, कॉइल कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत जाते ते वहीत काढून ठेवायचं, कारण एकदा सगळं उपसलं की मोटर तुम्हाला काही सांगत नाही. मग खाचा साफ करून त्यात कागद बसवायचा. मग फॉर्म्यावर, म्हणजे साच्यावर, तार गुंडाळायची. ती मोठ्याने मोजत होती, चाळीस, एकेचाळीस, आणि तेवढ्यात घरून फोन आला आणि आकडा गेला. ती दोन मिनिटं तशीच बसली, मग कुणी काही बोलायच्या आत सगळी तार उलगडून परत पहिल्यापासून सुरू केलं! खाचेत तार बसवून वर बांबूची पट्टी सारताना अंगठ्याची सालं निघतात. वार्निश, वाळवण, मेगर (इन्सुलेशन बघायचं मीटर) लावून तपासणी, आणि चौथ्या दिवशी सकाळी टेबलावर थ्री फेज जोडून स्टार्टर दाबला. मोटर नीट भरली असेल ना तर आवाज एकसारखा येतो, खरखर नाही, थरथर नाही. ती त्या मोटरवर हात ठेवून उभी राहिली, गरम होतेय का बघायला, पंधरा मिनिटं.

बिघडतंही. एका मुलाने कॉइलची जोडणी उलटी केली आणि दहा मिनिटांत धूर. त्याचा खर्च गिऱ्हाइकावर नाही आणि पोरावरही नाही. प्रत्येक बिलातून थोडे पैसे आम्ही बाजूला टाकतो ते यासाठीच, आणि पोरांच्या हातून जळलेलं तांबं भंगारात विकून जे येतं तेही त्यातच. गिऱ्हाइकाच्या मोटरमधून निघालेलं जुनं तांबं मात्र त्याच्यासमोर वजन करून बिलात वळतं करतो. पोरं हे बघत असतात, आणि धंदा कसा करायचा हे तिथंच शिकतात, त्याचा वेगळा तास घ्यावा लागत नाही.

ही कल्पना काही आमची नाही. आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला माणूस, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेला, तो दुष्काळी गावात येऊन राहिला आणि पोरांना वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, कोंबड्या असं सगळं हाताने करायला लावलं, आणि तेही गावाची खरी कामं करत. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीननी वस्तू बनवायचं वर्कशॉप, आली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक, आपल्या पाबळला! २००३ साली कलबाग गेले, आश्रम चालू आहे. ज्यांना असं काही सुरू करायचंय त्यांनी आधी तिथे जाऊन या.

पैशाचं थोडक्यात. तुम्ही कंपनी कायद्यातल्या कलम ८ ची कंपनी काढा नाहीतर ट्रस्ट करा, नफा वाटून घेता येत नाही, तो कामातच घालायचा. सीएसआरचा, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात तो, पैसा मिळतो, पण तो बहुतेक वेळा वर्षाच्या बोलीने असतो आणि पोरं वर्षाच्या बोलीने येत नाहीत. म्हणून भाडं, लाईटबिल आणि शिकवणाऱ्यांचा पगार एवढं तरी वर्कशॉपच्या कामातून निघालं पाहिजे, असं माझं ठाम मत झालंय.

आणि नोकरीचं. देणगीदार पहिला प्रश्न विचारतात, किती प्लेसमेंट? एका कंपनीने आमची सहा पोरं एकदम घेतली, आम्ही फोटो काढले, पेढे वाटले. सांगितलेला पगार एक आणि हातात पडला दुसराच, राहायला एका खोलीत नऊ जण, आणि दिवाळीच्या आत सहाच्या सहा परत. कागदावर मात्र आमची प्लेसमेंट शंभर टक्के. तेव्हापासून आम्ही ज्या जागी पोरं पाठवायची तिथली खोली आणि मेस आधी स्वतः बघून येतो आणि वर्षभर दर महिन्याला फोन करतो. बँकांच्या ज्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, ज्यांचं मूळ कर्नाटकात उजिरेला १९८२ साली सुरू झालेल्या रुडसेटीत आहे, त्या ट्रेनिंगनंतर दोन वर्षं पाठपुरावा करतात. आमची अजून वर्षाचीच ताकद आहे, दोन करायची आहेत.

आता सोलर पंप वाढलेत, २०१९ ला सरकारची सोलर पंपाची कुसुम योजना आली तेव्हापासून शेतात पॅनल दिसायला लागले, त्यामुळे नुसती मोटर भरता येऊन भागणार नाही, पॅनलची वीज पंपाला देणारा कंट्रोलर उघडता आला पाहिजे. हे शिकवणारा माणूस आमच्याकडे नव्हता. मग ती आकडा चुकलेली मुलगी, जी नारायणगावला एका दुकानात दीड वर्ष काम करून पंप बसवायला शिकली, तिला विचारलं. ती आता दर रविवारी येते. पहिल्या रविवारी तिने कंट्रोलर टेबलावर ठेवला, सगळ्यात नव्या पोराला पुढे बोलावलं, आणि स्वतःचे हात मागे बांधले.