आकाशवाणीच्या धुनीमागचा माणूस

नमस्कार, श्रोतेहो.

सकाळी केंद्र सुरू होताना वाजणारी आपली धून आठवा. मागे तानपुरा, पुढे व्हायोलिन आणि त्यात शिवरंजनी रागाची छाया. कित्येक घरांत तिच्यावरच चहाचं आधण चढायचं. ही धून बांधण्याचं श्रेय सहसा वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराला दिलं जातं. व्हायोलिन मेहली मेहतांचं, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांचं, असंही सांगतात.

कॉफमन १९०७ साली बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, कार्ल्सबाडला जन्मले. शिक्षण बर्लिन आणि प्रागमध्ये. प्रागला डॉक्टरेट हाताशी आली होती; पण मार्गदर्शक प्राध्यापक नाझींचा माणूस आहे हे कळल्यावर त्यांनी पदवीच नाकारली. १९३४ मध्ये ते मुंबईत उतरले. इथला व्हिसा सहज मिळत होता, हेही त्याचं एक कारण!

आपलं संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना त्यातलं काहीच उमगलं नाही. पण लाखो लोक ज्यावर जीव टाकतात ते संगीत निरर्थक कसं असेल, उणीव माझ्यातच असणार, असा विचार त्यांनी केला आणि ते शिकायला बसले. मला या माणसाचं सगळ्यात मोठेपण वाटतं ते इथे. युरोपातून आलेल्या किती जणांनी असं म्हटलं असतं?

मुंबईत त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी काढली. तिथे ते पियानोवर आणि मेहली मेहता व्हायोलिनवर असत. मोहन भवनानींच्या चित्रपटांनाही त्यांनी संगीत दिलं. १९३७ पासून १९४६ पर्यंत ते मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळत होते. गंमत बघा, याच काळात, १९४० मध्ये, रेडिओने पेटीला बंदी केली. आपली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, तिला पेलत नाही, असा आक्षेप होता. घराघरांतली पेटी दाराबाहेर, आणि बोहेमियाच्या पाहुण्याची धून रोज पहाटे हवेत!

१९४६ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. पुढे कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचं संचालन केलं, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवलं. तिथे असताना, १९६८ मध्ये, उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला आणि नंतर दक्षिणेच्या रागांवरचाही. धून नक्की कोणाची, यावर अजूनही वाद होतात. ते घालणाऱ्यांनी निदान हे ग्रंथ एकदा चाळावेत.