मनगटावरची उंची आणि पुण्याची हवा

[दृश्य: पहाटेची आतकरवाडी. सिंहगडाच्या पायवाटेला लागलेली माणसे.]

सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३१२ मीटर उंच आहे, आणि तो पावसाळ्यात वाढत नाही की उन्हाळ्यात खचत नाही. तरीही आतकरवाडीहून एकाच वाटेने, एकाच वेळी पुणे दरवाजापर्यंत चढलेल्या दोघांच्या उंची दाखवणाऱ्या मनगटी घड्याळांत तीस-चाळीस मीटरांची तफावत सहज आढळते. अशा वेळी घड्याळ बिघडले असे समजण्याआधी ते उंची कशी काढते हे पाहायला हवे, कारण यातली बरीचशी तफावत चढणाऱ्याला स्वतःच टाळता येते.

उपग्रहांवरून काढलेली उंची मुळातच ढोबळ असते. उपग्रह आपल्याला फक्त क्षितिजाच्या वरचे दिसतात, खालच्या बाजूचे पृथ्वीआड असतात. त्यामुळे आडव्या दिशेने जशी चारी बाजूंनी पडताळणी होते तशी उभ्या दिशेने होत नाही, आणि उंचीतली चूक आडव्या चुकीच्या साधारण दीडपट ते तिप्पट निघते. शिवाय जीपीएस उंची मोजते ती पृथ्वीच्या आकाराशी जुळणाऱ्या एका गणिती पृष्ठभागापासून, आणि गुरुत्वाकर्षणातल्या फरकामुळे पुण्याच्या भागात सरासरी समुद्रसपाटी त्या पृष्ठभागाच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. बहुतेक घड्याळे ही दुरुस्ती परस्पर करतात. एखाद्या उपकरणात पुणे स्टेशनची उंची ५६० मीटरऐवजी पाचशेच्या आसपास दिसत असेल, तर ही दुरुस्ती झालेली नाही असे समजावे.

[दृश्य: घड्याळाची कड अगदी जवळून. सेन्सरची बारीक छिद्रे, त्यांच्या काठावर वाळलेले घामाचे मीठ.]

म्हणूनच चांगल्या घड्याळात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. वर जावे तसा दाब कमी होतो. पुण्याच्या उंचीवर प्रत्यक्ष दाब ९५० हेक्टोपास्कलच्या (हे हवेच्या दाबाचे एकक) आसपास असतो आणि तिथे एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण नऊ मीटर. हा सेन्सर इतका संवेदनशील असतो की जिन्याचा एक मजला चढलात तरी त्याला कळते. पण त्याला कळतो तो फक्त दाब. तो दाब आपण चढल्यामुळे बदलला की हवाच बदलल्यामुळे, हे सेन्सर सांगू शकत नाही.

आणि पुण्याची हवा तर रोज बदलते. सूर्याच्या उष्णतेमुळे वातावरणात बारा तासांची एक लाट उठते. तिच्यामुळे दाब सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमाराला सर्वाधिक असतो, तर पहाटे चारच्या आणि दुपारी चारच्या सुमाराला सर्वांत कमी. युरोपातल्या वाऱ्या-वादळांत ही लाट झाकली जाते, आपल्या अक्षांशावर मात्र ती दाबाच्या आलेखात उघड दिसते. शिवाजीनगरच्या ज्या हवामान कार्यालयाला, १९२८ साली ते सिमल्याहून इथे आले म्हणून, पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, तिथल्या दाबाच्या नोंदींमध्येही ही चढउतार रोजचीच आहे. कोरड्या ऋतूत सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दाब तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे टेबलावर नुसते पडलेले घड्याळ सहा तासांत तीस मीटर ‘चढते’.

कात्रज ते सिंहगड असा रात्रीचा ट्रेक करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. वाघजाई मंदिरापासून रात्री दहाला निघालात तर पहाटे चारपर्यंत दाब आपोआप घटत जातो आणि घड्याळ खऱ्यापेक्षा दहा-पंधरा मीटर जास्त उंची दाखवू लागते. उजाडल्यावर दाब वाढू लागतो आणि चूक उलट्या दिशेने सरकते. पहाटे सिंहगड चढून दहापर्यंत खाली येणाऱ्याला आतकरवाडी निघतानाच्या उंचीपेक्षा खाली गेलेली दिसते, तेही याच कारणाने.

[दृश्य: मे महिन्यातली दुपार. वाळलेले गवत, तापलेला कातळ.]

तापमानाचा परिणाम याहून कमी लोकांना ठाऊक आहे. दाबावरून उंची काढण्याचे गणित एका प्रमाण वातावरणावर बेतलेले असते, आणि त्यात नऊशे मीटर उंचीवर जेमतेम नऊ अंश सेल्सिअस तापमान धरलेले असते. मे महिन्यात तिथे पस्तीस अंश असतात. तापलेली हवा विरळ असल्याने तेवढेच अंतर चढून दाब कमी उतरतो, आणि सहाशे मीटरांची खरी चढाई घड्याळ साधारण साडेपाचशे मीटर दाखवते. घाम गाळून चढलेले पन्नास मीटर असे नोंदीतून गळतात. डिसेंबरच्या पहाटे हीच तूट दहा-पंधरा मीटरांवर येते, म्हणून दोन ऋतूंतल्या चढाईच्या आकड्यांची थेट तुलना करू नये.

उपाय साधा आहे: निघण्याच्या ठिकाणची खरी उंची घड्याळाला द्यावी, आणि ती घरून निघताना नव्हे तर पायथ्याशी, चढाई सुरू करण्याच्या क्षणी द्यावी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांवर वीस-वीस मीटरांच्या समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, असतात; त्यांवरून पायथ्याच्या गावाची उंची पुरेशी नेमकी कळते. घड्याळ समुद्रसपाटीचा दाब विचारत असेल तर हवामान खात्याचा समुद्रसपाटीला आणलेला, म्हणजे तेच ठिकाण समुद्रसपाटीला असते तर दाब किती असता हे सांगणारा, आकडाच भरावा, ९५० च्या आसपासचा प्रत्यक्ष दाब नव्हे.

काही घड्याळे अवकाशातून टिपलेल्या उंचीच्या आराखड्यातून पायथ्याची उंची स्वतः उचलतात. सपाटीवर ते ठीक आहे. अवकाशयान एन्डेव्हरने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने टिपलेल्या प्रसिद्ध आराखड्यात साधारण तीस मीटरांच्या चौकोनाला एकच उंची मिळते, आणि सह्याद्रीच्या सरळसोट कड्यावर तीस मीटरांत काय काय होते हे तानाजी कड्याखाली उभे राहून कोणीही पाहावे. कड्याच्या काठावर अशी दुरुस्ती करून घेऊ नये. माथ्यावर पठाराच्या मध्यावर जाऊन करावी.

[दृश्य: पर्वतीच्या पायऱ्या.]

घड्याळाची परीक्षा घ्यायला पर्वती उत्तम. पायथ्याची उंची नोंदवावी, १०३ पायऱ्या चढून लगेच उतरावे आणि पुन्हा आकडा पाहावा. वेळ थोडा असल्याने हवा फारशी बदललेली नसते, त्यामुळे एक-दोन मीटरांचा फरक चालून जातो. त्याहून बराच जास्त फरक पडला, किंवा चढताना आकडा अडकून मग एकदम उडी मारू लागला, तर छिद्रे घामाने, चिखलाने किंवा सनस्क्रीनने बुजली आहेत असे समजून घड्याळ कोमट साबणपाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. छिद्रांत टाचणी मात्र कधीही घालू नये. आतला पडदा फाटला तर दुरुस्त होत नाही.